दुपारी हा मरायचा, संध्याकाळी तो

लढाऊ विमानात बसलेला माणूस ओळखू येत नाही, हे ज्ञान मला विमानात पाऊल न ठेवता झालं. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळी काच, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. आत नायक आहे, नायकाचा दोस्त आहे की रोजावर आणलेला कुणी आहे, हे त्याच्या जन्मदात्या आईलाही सांगता येणार नाही. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर आम्ही औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच होतं) एक पिक्चर उन्हाळाभर चालवला. संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत. तुमच्या फराळाच्या ताटाशेजारी दोनचार विमानं पडली तर चालणार असेल, तर हीच सांगतो.

मी सिनेमाचा ऑपरेटर होतो. तुम्ही खुर्चीत बसून पडद्याकडे बघायचात तेव्हा तुमच्या डोक्यामागच्या भिंतीला चौकोनी भोकं असायची. त्यांच्या पलीकडे बनियनवर उभा राहून घाम पुसणारा इसम म्हणजे मी. पिक्चर तुटला की सगळं थिएटर ज्याच्या आईबापांची आठवण काढायचं तोही मीच. पिक्चर नीट चालला तर मी आहे हे कुणाच्या गावीही नसायचं.

पिक्चर पत्र्याच्या पेट्यांतून मनमाडहून रेल्वेनं यायचा. एका पिक्चरची पंधरा-सोळा रिळं, आणि मशीन दोन. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये, ही त्यातली कला. फिल्म तुटली तर पातीनं खरवडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा थेंब लावायचा आणि दाबून धरायची. म्हणजे कात्री आणि सिमेंटची बाटली माझ्या हातात. मुंबईचा दिग्दर्शक आपल्या मनासारखा पिक्चर काढायचा आणि आम्ही तो आमच्या मनासारखा दाखवायचो. गाणं रटाळ आहे, काढ. आई फार रडते, थोडी कमी कर. कायद्यानं हा गुन्हा होता आणि हर्सूलचा तुरुंग काही लांब नव्हता. पण तिथले जमादारच फुकट पासावर बाल्कनीत बसायचे, त्यामुळे आम्हाला फारशी भीती वाटत नसे.

आमच्या मालकांना सगळे बाबूसेठ म्हणत. पिक्चरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पब्लिकमधलं सगळं कळायचं. थिएटर निजामाच्या अमदानीतलं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, नाणी बदलली, पाट्या बदलल्या, पण बायकांच्या क्लासचा पडदा काही गेला नाही. दिवे लागले की तो ओढायचा, अंधार झाला की सारायचा. पुरुषांनी पडद्यावरची नटी तीन तास बघावी, शेजारच्या क्लासमधली बाई मात्र दिसू नये, अशी ती व्यवस्था होती. हा पडदा ओढायला, टॉर्च दाखवायला आणि मावळतीकडचं दार सांभाळायला बाईमाणूस लागायचं. ते काम कौसाबाईकडं होतं.

कौसा वैजापूरकडची. नवरा फौजेत ट्रक चालवायचा. लढाई लागली, तो गेला, आणि एक तार आली. तारेत तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. लढाई संपली, कैदी परत आले, वर्षं गेली, तो आला नाही. कौसा शहरात मावशीकडं येऊन राहिली आणि आमच्या दारावर लागली. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ठसठशीत कुंकू. ते तिनं लावायचंच, असा तिच्या मोठ्या दिराचा, साहेबरावांचा हुकूम होता. साहेबराव कांद्याच्या अडतीवर बसत. भाऊ परत येणार यावर त्यांची अपार श्रद्धा होती. कारण तो मेला म्हटलं की त्याच्या वाट्याची जमीन कौसाच्या नावावर करावी लागते, आणि तो जिवंत असेपर्यंत ती साहेबराव कसणार. अशी श्रद्धा सहसा ढळत नाही.

इकडं आमचा कँटीनवाला एकनाथ कौसाशी लग्न करायला तयार होता. माणूस सज्जन, भजी खारट. त्याची आई मात्र अडून बसली होती. "आधी तिच्या दिरानं भावकीत सांगावं की बाबा, भाऊ गेला. मंग मी तिला सून म्हनून आनते. उद्या त्यो दारात उभा ऱ्हायला तर मी काय करू?" म्हातारीचं तरी काय चुकलं? तर सगळं साहेबरावांच्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द साहेबराव काढत नव्हते.

अशात तो पिक्चर आला. हवाई दलाचा. दोन पायलट, जिवलग दोस्त. एकाला मिशी, एक सफाचट. पब्लिकनं त्यांना तीच नावं दिली, म्हणून मीही तीच वापरतो. दोघांच्या मध्ये छावणीच्या दवाखान्यातली एक नर्स. ती पेशंटकडं सोडून सगळीकडं बघायची. तिचं मिशीवाल्याशी ठरतं. त्याचं विमान पडतं. तार येते, नर्स किंचाळते. मग सफाचट तिचं सांत्वन दोन गाण्यांत करतो आणि लग्न लागतं. मध्यंतर. मध्यंतरानंतर मिशीवाला शत्रूच्या कैदेतून परत! आता काय करायचं? तर सफाचट थोर मनानं शेवटच्या मोहिमेवर आपणहून जातो आणि मरतो. पुन्हा तार, पुन्हा किंकाळी. मिशीवाला सलाम ठोकतो आणि दुसऱ्या हातानं नर्सचा हात धरतो. समाप्त.

विमानं दोऱ्याला टांगलेली होती. मुंबईत पिक्चर जोडणाऱ्यांना त्यांच्या लहान मशीनवर दोरा दिसत नसेल, आमच्या पडद्यावर चांगला सुतळीएवढा दिसायचा. स्फोट एकच होता, तोच तीनदा वापरला होता. पण पब्लिकला काय त्याचं! मिशीवाला परत आला की शिट्ट्या, नाण्यांचा पाऊस, भारतमातेचा जयजयकार. त्या काळी पिक्चर संपला की पडद्यावर झेंडा दाखवून राष्ट्रगीत लावायची पद्धत होती. तीन तास देशासाठी घसा फोडणारं हेच पब्लिक राष्ट्रगीताचा पहिला सूर ऐकला की दाराकडं अशी धाव घ्यायचं, जणू पाठीमागं बॉम्ब पडतोय. सायकली काढायची घाई असायची ना. शेवटी उभा राहिलेला मी एकटाच असायचो. मशीन सोडून मला जाता येत नव्हतं.

साहेबरावांना कुणीतरी पिक्चरची गोष्ट सांगितली. पुढच्या गाडीनं ते हजर. बघून निघाले ते थेट बायकांच्या दारावर.

"पाह्यलं का कौसा? आला का नाय परत? कैदेत व्हता! आपला बी तसाच आसंल बघ."

"भावजी, ते ट्रक चालवत व्हते," कौसा म्हणाली.

"मंग काय झालं? फौज ती फौज!"

त्यानंतर साहेबराव दर आठवड्याला वैजापूरची माणसं भरून आणू लागले. गावभर बोलबाला झाला. बायका कौसाला दारात गाठून सांगायच्या, येईल हो तुमचा पण. एका महिन्यात ट्रक ड्रायव्हरचा पायलट झाला. कौसा रोज प्रत्येक खेळाला मिशीवाला परत येताना बघायची, आणि त्या क्षणी सगळा बायकांचा क्लास माना वळवून तिच्याकडं बघायचा. ती टॉर्च विझवून भिंतीला लागून उभी राहायची. मला वरून दिसायचं. मला त्या मिशीचा संताप यायचा.

मग शहरातली प्रतिष्ठित मंडळी बिघडली. आमच्या भागात एक वकीलसाहेब होते. जुनं भिक्षुकी-कारकुनी घराणं, बोलणं अगदी शुद्ध. ते चार सभ्य गृहस्थ घेऊन बाबूसेठकडं आले.

"मालक, या चित्रपटात धर्मपत्नीचा पती मरतो आणि तिला पूर्वीचा प्रियकर मिळतो. आमच्या सुनाबाळी हे पाहतात. अग्नीच्या साक्षीनं झालेलं लग्न श्रेष्ठ की नाही?"

"हौ साब, बिल्कुल श्रेष्ठ," बाबूसेठ म्हणाले. "तो क्या करना?"

"पती जगला पाहिजे. मरायचंच असेल तर त्या दुसऱ्यानं मरावं."

बाबूसेठ जिना चढून माझ्या केबिनमध्ये आले. "मास्टर, मुछवाले को मार सकते क्या?"

मी विचार केला, आणि मुखवटा आठवला. शेवटच्या मोहिमेत सफाचटचं तोंड फक्त दोन ठिकाणी उघडं दिसतं. ते दोन तुकडे काढायचे. मिशीवाला पहिल्यांदा पडतो त्या रिळात तोही मुखवटा काढून हसतो. तो तुकडा त्या जागी लावायचा. बाकी सगळं काचेच्या आड. तारेत नाव ऐकू येत नाही, नर्स नुसती किंचाळते. शेवटचा सलाम सफाचटला मेडल मिळतं तिथून उचलायचा. तासाभराचं काम होतं. संध्याकाळच्या खेळाला मिशीवाला मेला आणि वकीलसाहेबांच्या घरच्यांनी समाधानानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी साहेबराव ओरडत आले. "आरं, परत आलेल्या मानसाला मारता व्हय? लाज नाय वाटत?"

तेव्हा बाबूसेठनं तो निर्णय घेतला. दुपारच्या खेळाला सफाचट मरायचा, संध्याकाळच्या खेळाला मिशीवाला. बाहेर पाटी नाही, पण गावाला बरोबर कळलं. दुपारी बघितलेले संध्याकाळी दुसरा मरतो तो बघायला यायचे. पानाच्या ठेल्यावर दोन तट पडले. एक वृद्ध हकीमसाहेब पहिल्या रांगेत झोपायला तिकीट काढायचे, तेही जाताना विचारायचे, "आज कौन गुजर गया?"

काम माझं वाढलं. रोज तुकडे कापा, लावा, पुन्हा काढा, पुन्हा जोडा. दर सांध्याला एखादं चित्र खर्ची पडतं. महिनाभरात मिशीवाल्याचं हसू निम्मं उरलं. आधी तो दिलखुलास हसायचा, नंतर नुसता दात दुखल्यासारखा तोंड वेंगाडायचा. तरी मला त्या कामाचा अभिमान होता. दोन माणसं रोज मारायची आणि रोज जिवंत करायची, आणि सांधा कुणाला कळू द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

एकदा दोन खेळांच्या मधल्या वेळात कौसा जिना चढून केबिनच्या दाराशी आली. एकनाथनं पाठवलेला चहा तिच्या हातात होता. भिंतीवर खिळ्यांना तुकडे टांगलेले होते, तिकडं ती बघत राहिली.

"ऑपरेटरभाऊ, हे दोन शेवट सोडून तिसरा नाय का?"

"कसला तिसरा?"

"त्या नर्सबाईला कुनी इचारत नाय का, की बाई, तुझं काय?"

पिक्चर मला पाठ होता. नर्सच्या वाट्याला चार गाणी, दोन तारा आणि दोन किंकाळ्या. कुणी विचारत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आसू द्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी कापला आसंल." आणि कप ठेवून खाली गेली.

तो तुकडा मी कापला नव्हता. पण असता तर कापला असता, हेही खरं. त्यात शिट्टी मारण्यासारखं काय होतं?

पिक्चर उतरायच्या आधीचा रविवार. साहेबरावांनी त्या दिवशी ट्रक भरून सगळी भावकी आणली. बेत उघड होता. दुपारच्या खेळात मिशीवाला परत आलेला सगळ्यांनी बघायचा, मग बाहेर अंगणात भावकी बसवायची आणि कौसाकडून वचन घ्यायचं की ती जन्मभर वाट बघेल. एकनाथला कळलं, तसा तो भजी तळायची सोडून कँटीनच्या मागं जाऊन बसला. त्या दिवशी मध्यंतराला कुणालाच भजी मिळाली नाहीत. काहींनी देवाचे आभार मानले असतील.

आणि नेमकं त्याच खेळाला वकीलसाहेब घरच्या आणि शेजारच्या बायका घेऊन आले. संध्याकाळची तिकिटं संपली होती म्हणून दुपारी आले. दुपारी कोण मरतो हे गावाला ठाऊक होतं, पण त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, तिकीटवाल्यानंही नाही. मध्यंतरात बाबूसेठ धापा टाकत वर आले.

"मास्टर, नीचे दोनो पार्टी बैठी है! ये मरा तो वो चिल्लाते, वो मरा तो ये चिल्लाते. क्या करना?"

"तुम्हीच सांगा."

बाबूसेठनं कपाळ पुसलं. "दोनो को मार दे."

"दोघांनाही?"

"हौ. किसीकू शिकायत नक्को."

मालकाचा हुकूम. दुसरी तार, दुसरा स्फोट कुठून आणायचा? मध्यंतराआधीची रिळं चालून गेली होती. त्यांतला मिशीवाल्याचा पहिला मृत्यू कापला, आहे तसा शेवटच्या रिळाच्या तोंडाशी लावला, पाठोपाठ सफाचटचा मूळ मृत्यू. मशीन चालू असताना एका हातानं हे केलं. आजही झोपेत करून दाखवीन.

शेवटचं रीळ सुरू झालं. मिशीवाला मुखवटा काढून उरलंसुरलं हसला. दोरा तुटला, स्फोट झाला. तार आली. नर्स किंचाळली. साहेबराव ताडकन उठून उभे. तेवढ्यात दुसरं विमान उडालं, तोच दोरा, तोच स्फोट. वकीलसाहेब उभे. दुसरी तार. मघाशी नर्सच्या पांढऱ्या टोपीत किंचाळलेली बाई आता रेशमी साडीत, कुंकू लावून, तशीच किंचाळली. पहिल्या किंकाळीला रडलेलं थिएटर दुसरीला हसायला लागलं. थर्ड क्लासमधून कुणीतरी ओरडलं, "तिसरी तार आनू द्या!" बायकांच्या क्लासमध्येही पदर तोंडाला लावून हसू फुटलं.

आणि त्याच क्षणी माझा पडदा पांढरा झाला. मला वाटलं फिल्म तुटली. भोकातून बघितलं तर मावळतीकडचं दार सताड उघडं. कौसानं दारावरचा काळा पडदा बाजूला फेकून दोन्ही फळ्या उघडल्या होत्या. उतरतं ऊन थेट पडद्यावर पडलं होतं आणि त्या उन्हात नर्स, तार, विमान, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बायकांच्या क्लासचा ओढपडदाही सारलेला. निजामाच्या काळापासून पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी एकमेकांना उजेडात बघितलं. मी आवाजाचं बटण पिळून बंद केलं.

"ए, दार लाव!" साहेबराव गरजले. "पिक्चर दिसंना!"

"नाय लावत," कौसा म्हणाली. तिचा आवाज वरपर्यंत स्वच्छ आला. "मला बी तार आली व्हती. लई हसू आलं का समद्यास्नी?"

बायकांनी तोंडाचे पदर खाली घेतले.

"भावजी, तुमी दुपारी जित्ता करता. वकीलसाहेब सांजच्याला मारतेत. आज दोगं बी मेले. मी कुंकू कवा लावू अन् कवा पुसू, ते तरी सांगा."

"बाहेर चल, बाहेर बोलू," साहेबराव म्हणाले.

"हितंच बोला. भावकी बसलीय. तुमच्या भावाच्या वावरात औंदा कांदा कुनी लावला?"

"म्या लावला. घरचं वावर हाय."

"त्यास्नी इचारून लावला का? जित्ते हायेत ना? मंग इचारलं आसंल."

भावकीतला एक म्हातारा पुढच्या रांगेत बसला होता. तो सावकाश मागं वळला. "बोल की साहेबराव. इचारलं का?"

साहेबरावांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पडद्याकडंही बघितलं. तिथं नुसतं ऊन होतं. मशीन फिरत होतं, पण त्यांच्या मदतीला कुठलाही पायलट येणार नव्हता. ते मटकन खाली बसले.

"गेला त्यो," ते म्हणाले. "कवाच गेला. मला काय ठाऊक नाय व्हय?"

कौसाला हवा होता तो शब्द मिळाला. मला वाटलं, आता ही ताठ मानेनं बाहेर जाईल आणि एकनाथच्या कँटीनपाशी उभी राहील. तसं पुढं झालंच. लग्न झालं, म्हातारीनं सून आणली, कौसानं कढई हातात घेतली आणि भज्यांतलं मीठ बरोबर पडायला लागलं. तिच्या वाट्याची जमीनही तिला मिळाली, साहेबरावांना चार चकरा मारायला लावून. पिक्चर तसाच, दोन्ही मरणं जोडलेला, पेट्यांत भरून जालन्याला गेला. तिथून एकही तक्रार आली नाही. नंतर तर पेट्याही गेल्या आणि कात्रीही. आता पिक्चर कुठूनसा आपोआप येतो, त्यात कुणालाच कुणाला वाचवता येत नाही.

पण त्या दुपारी ती बाहेर गेली नाही. तो शब्द ऐकला आणि दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली, आणि रडली. तो जिवंत आहे असं सगळे म्हणत होते, म्हणून इतकी वर्षं तिला रडताही आलं नव्हतं. रडली तर दिराला ते अशुभ वाटायचं. मोठ्यानं, गळा काढून, खेड्यातल्या बाया रडतात तशी ती रडली. त्याचं नावही मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती भिकाजी म्हणून हाक मारत होती.

मी मशीन बंद केलं. फिल्म तुटलेली नसताना नोकरीत पहिल्यांदाच. झेंड्याचा तुकडा लावायचा राहिला, राष्ट्रगीतही राहिलं. खाली तो म्हातारा उठला आणि त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. मग साहेबराव उठले. मग त्यांच्या मागची रांग, मग वकीलसाहेब, मग थर्ड क्लास. हकीमसाहेब जागे झाले आणि काही न विचारता तेही उभे राहिले. दार सताड उघडं होतं, सायकली समोर दिसत होत्या. कौसाचं रडणं थांबेपर्यंत कुणी दाराकडं गेलं नाही.